मोटरहोमने हिवाळा दक्षिणेला काढणे: कोणी केलंय का?

थंडोबा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं ओंटारियोत. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. बायकोला गुडघ्यांमुळे बर्फावर पाऊल टाकायचीच धास्ती, आणि मला फावडं हातात धरायचा मनापासून कंटाळा. डिसेंबर ते मार्च मोटरहोम घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेला काढावेत असं डोक्यात घोळतंय. चोवीस फुटी क्लास सी बघून ठेवलीय, ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असतो ती. पैसे अजून दिलेले नाहीत.

फ्लोरिडा की अ‍ॅरिझोना? किती दिवस राहता येतं? हे प्रश्न आहेतच, पण खरी भीती वेगळी आहे. तिकडे पोचल्यावर सगळं छान असेल हो, आमच्या दारातून निघताना उणे पंधरा असणार त्याचं काय? गाडीत पाण्याचे पाइप, टाक्या, गॅस. शेजारी म्हणतो, विमानाने जा, तिकडे एखादं घर भाड्याने घ्या आणि स्वस्थ बसा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेपूची_जुडी
शेजाऱ्याशी सहमत. (पळते आता.)

डिझेलभाऊ
थंडोबा, पाणी भरून निघायचंच नाही. गाडी कोरडी ठेवूनच निघायचं, अर्धी भीती तिथेच संपते.

ऑक्टोबरात गाडी हिवाळ्यासाठी बंद करताना जे करतात तेच करायचं. टाक्या रिकाम्या, वॉटर हीटर रिकामा, त्याचा बायपास फिरवलेला (म्हणजे हीटरला वगळून जाणारा मार्ग उघडलेला), आणि पाइपांमधून गुलाबी अँटिफ्रीझ. हे प्रॉपिलिन ग्लायकॉलचं असतं. इंजिनात घालतात ते बहुतेक एथिलिन ग्लायकॉलचं, ते विषारी आहे, पिण्याच्या पाण्याच्या पाइपात त्याचा थेंबही जाता कामा नये. वाटेत प्यायला आणि भांड्यांना कॅनमधलं पाणी, आणि ते कॅन आत, राहत्या भागात ठेवायचे. बाहेरच्या सामानाच्या कप्प्यात ठेवलेत तर सकाळी दगड मिळेल. टॉयलेट वापरायचं तर फ्लशला तेच गुलाबी द्रव मगाने ओतायचं.

रात्रीचं तापमान सलग शून्याच्या वर दिसायला लागलं की एखाद्या आरव्ही पार्कात (मोटरहोमच्या मुक्कामाची जागा) नळी जोडा, सगळे नळ एकेक करून उघडा, गुलाबी रंग जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. बाहेरचा शॉवर असेल तर तो विसरू नका, हमखास राहतो. आय-७५ महामार्गाने खाली गेलात तर हा मुक्काम जॉर्जियात करावा. केंटकी-टेनेसीच्या हवेवर माझा काडीचा विश्वास नाही.

आता गॅस. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२, त्यामुळे आपल्याकडच्या नेहमीच्या थंडीत तो काम करतो. प्रश्न पुरण्याचा आहे. २० पौंडी बाटलीत साधारण ४.७ गॅलन, म्हणजे जेमतेम ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक). गाडी गरम ठेवणारी, तासाला ३०,००० बीटीयूची भट्टी न थांबता चालली तर चौदा तासांत बाटली संपली. शिवाय भट्टीचा पंखा बॅटरीवर चालतो. गॅस भरपूर आहे पण बॅटरीने पहाटे मान टाकली आणि गाडी गार पडली, हा प्रकार फार कॉमन आहे. म्हणून थंडीतले पहिले दोन-तीन मुक्काम विजेची जोडणी असलेल्या जागीच करा, आणि एक छोटा इलेक्ट्रिक हीटर ठेवा. लिथियम बॅटरी असेल तर ती शून्याखाली चार्ज करायची नसते, ती गाडीच्या आत आहे की बाहेर एवढं विकणाऱ्याला विचाराच.

हिमगौरी
वाचनखूण साठवली. डिझेलभाऊ, स्वतंत्र लेख लिहा ना यावर.

कुंपणावरचा
मी थंड पाणी ओतायला आलोय (कोरड्या गाडीवर). क्लास सी शंभर किलोमीटरला तीस लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. टोरांटो ते मध्य फ्लोरिडा सुमारे २,१०० किलोमीटर. जाऊन येऊन बाराशे-तेराशे लिटर, तिकडचं हिंडणं वेगळं. त्यावर गाडीचा विमा, पार्कचं भाडं, उरलेले आठ महिने ती उभी करायची जागा, आणि दर वर्षी घसरणारी किंमत. पैसे वाचतात म्हणून कोणी मोटरहोम घेत असेल तर त्याने आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं. शेजारी शहाणा आहे.

मुक्काम_पोस्ट_कॅलगरी
कुंपणावरचा, हिशोब बरोबर आहे पण पैशासाठी करतंय कोण? घर भाड्याने घेतलं की तुम्ही चार महिने एका जागी बांधले गेलात. शेजारी कटकट्या निघाला तर? आम्ही चाकं फिरवतो.

आमचा रस्ता आय-१५. माँटाना, आयडाहो, युटा, मग नेव्हाडाचा कोपरा आणि अ‍ॅरिझोना. यात माँटाना-आयडाहो सीमेवरची मोनायडा खिंड ६,८७० फुटांवर आहे. तिथे वारा आणि बर्फ एकत्र आले तर उंच गाडी रस्त्यावर तिरकी चालते. आमचा नियम साधा आहे, निघायची तारीख ठरवायची नाही, खिडकी ठरवायची. दहा दिवसांची खिडकी, त्यात हवामान तीन दिवस उघडं मिळालं की त्या दिवशी निघायचं. सामान आधीच गाडीत.

आणि थंडोबा, अ‍ॅरिझोना म्हणजे ऊब हे सगळीकडे खरं नाही. फ्लॅगस्टाफ ७,००० फुटांवर आहे, तिथे वर्षाला अडीच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. ग्रँड कॅनियनच्या ओढीने लोक जानेवारीत आय-४० ला वर चढतात आणि अडकतात. ऊब हवी तर युमा, क्वार्ट्झसाइट, टुसॉन, फिनिक्सचा पट्टा. तिथेही वाळवंटातली रात्र जानेवारीत शून्याला टेकू शकते, दुपारी मात्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

प्राजक्ता_ओ
दिवसांच्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून लिहिते.

कॅनडाचा पासपोर्ट असेल तर पर्यटक म्हणून साधारण सहा महिने राहू देतात. ही झाली इमिग्रेशनची बाजू. अमेरिकेचं आयकर खातं वेगळं मोजतं: या वर्षीचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याआधीच्या वर्षीच्या दिवसांचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली की करापुरते तुम्ही तिथले रहिवासी ठरू शकता. दर वर्षी १२० दिवस राहिलात तर १२० + ४० + २० = १८०, सुटलात. १५० राहिलात तर थेट २२५. तरी घाबरू नका, फॉर्म ८८४० भरून आपलं घरदार, बँक, कुटुंब, सगळं कॅनडात आहे असं कळवायचं. फक्त त्या एकाच वर्षात १८३ दिवस भरले तर मात्र हा फॉर्म कामाला येत नाही.

ओहिपसाठी (ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा) कोणत्याही बारा महिन्यांत २१२ दिवसांपर्यंत प्रांताबाहेर राहता येतं. एप्रिल २०२५ पासून आणखी एक भानगड: ३० दिवसांहून जास्त राहणाऱ्या कॅनेडियन लोकांनी अमेरिकेत नोंदणी करायची आहे. आय-९४ (सीमेवरची प्रवेशाची नोंद) मिळालेला असेल तर नोंदणी झाली असं धरतात. पण गाडीने सीमा ओलांडणाऱ्या कॅनेडियनांना तो सहसा आपणहून देत नाहीत. मागून घ्या, किंवा आधी ऑनलाइन अर्ज करा.

शेपूची_जुडी
म्हणजे थंडी वाचवायची तर नोव्हेंबरात निघा, आणि दिवस वाचवायचे तर जानेवारीत. छान आहे.

प्राजक्ता_ओ
@शेपू, अगदी हेच. सगळा खेळ निघायच्या तारखेचा आहे.

डिझेलभाऊ
मी लवकर निघण्याच्या बाजूचा. दिवाळी आटोपली की निघा. नोव्हेंबरच्या मध्यात रस्ते बहुधा कोरडे असतात, बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठही कमी असतं. गाडीच्या खालच्या पत्र्यांना मिठाने लागणारा गंज कोणी मोजत नाही. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, गंज काढायला किती लागतो विचारा.

मुक्काम_पोस्ट_कॅलगरी
असहमत. नातवंडांबरोबर नाताळ करून दोन जानेवारीनंतर निघणारे आमच्याकडे कितीतरी आहेत. खिडकी पाळली आणि टायर चांगले असले तर काही होत नाही. टायरवरून आठवलं, जुनी गाडी घेताय तर टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. ३२१७ असेल तर २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून नाही, उभ्या उभ्या म्हातारे होऊन जातात. नक्षी नवी कोरी दिसते आणि कडेला बारीक भेगा असतात.

सीमेवरचा_गडी
माझा भारतीय पासपोर्ट, कॅनडाचा पीआर (कायम रहिवासी). मला हे सगळं लागू आहे का?

प्राजक्ता_ओ
तुम्हाला अमेरिकेचा व्हिसा लागेल, आणि आय-९४ त्यांना द्यावाच लागतो, त्यामुळे नोंदणीचा प्रश्न नाही. त्यावरची शेवटची तारीख बघूनच परतीचं ठरवा. आणि पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात हवेत. एवढ्याने अडचण येणार नाही, पण नागरिकत्वासाठी १,०९५ दिवस मोजत असाल तर अमेरिकेतले दिवस त्यात धरत नाहीत.

अण्णा_किंग्स्टन
थंडोबा, तुम्ही गाडीचं विचारलंत, तब्येतीचं विचारलं नाहीत. आपल्या वयात ते आधी.

ओहिप देशाबाहेरच्या तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयातल्या दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन डॉलर देतं. अमेरिकेतल्या बिलासमोर हे म्हणजे चहापाणी. प्रवासी आरोग्य विमा घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नका. आणि पॉलिसीतलं जुन्या आजारांचं कलम स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका. बऱ्याच पॉलिसींत निघण्याआधी ठराविक दिवस, ९० किंवा १८०, आजार ‘स्थिर’ असावा लागतो. त्या काळात डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, अगदी डोस कमी केला, तरी तो अस्थिर धरला जाऊ शकतो. तुम्ही खूश, की तब्येत सुधारली, आणि विमा कंपनीच्या लेखी उलटं. तेव्हा वार्षिक तपासणी उन्हाळ्यातच उरका, म्हणजे काही बदल झालाच तर मधे पुरेसे दिवस मिळतात.

दुसरं, मागे राहिलेलं घर. घराच्या विम्यात बहुधा अट असते की थंडीच्या दिवसांत घर चार दिवसांहून जास्त बंद असेल तर कोणीतरी येऊन पाहिलं पाहिजे, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असले पाहिजेत. पाइप फुटला आणि कोणी पाहत नव्हतं, तर भरपाई मिळणं कठीण. त्या शहाण्या शेजाऱ्याकडे किल्ली द्या. विमान-विमान करतोय तो, त्यालाही काम मिळेल.

हिमगौरी
ठ्ठो! शेजारी आता या धाग्याचा नायक झालाय.

टेक्सासची_काकू
तुम्ही सगळे फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात अडकलात, आमच्या रिओ ग्रांद खोऱ्याचं नाव कोणी घेईना. मॅकअ‍ॅलन, मिशन, हार्लिंजन. इथे दर हिवाळ्यात मिनेसोटा, आयोवा, मॅनिटोबाचे पाहुणे येतात, त्यांना विंटर टेक्सन म्हणतात. पार्कात एवढ्या समित्या असतात की आपलं गणेशोत्सव मंडळ लाजेल. पत्ते, लाकूडकाम, नाच, रजया शिवणं. तुमच्या बायकोला गुडघ्यांसाठी तरण तलावातला व्यायाम हवा असेल तर बहुतेक मोठ्या पार्कांत तो असतो.

मात्र पाण्याची नळी आणि नळाला गुंडाळायची हीट टेप इथेही जवळ बाळगा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळं टेक्सास गारठलं, वीज गेली, अगदी आमच्या या टोकालाही बर्फ झाला. गंमत अशी की त्या दिवसांत इथल्या घरांपेक्षा मोटरहोमवाले बरे होते. त्यांच्याकडे गॅसची भट्टी होती आणि जनरेटर होता. जनरेटर म्हटल्यावर एकच सांगते, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बघा, आणि शेगडी पेटवून गाडी गरम करायला जाऊ नका.

शेपूची_जुडी
गंभीर प्रश्न: कढीपत्त्याची कुंडी नेता येते का? माझं झाड सहा फुटी आहे आणि चार महिने त्याच्याकडे कोण बघणार?

मुक्काम_पोस्ट_कॅलगरी
ताई, कुंडी सीमेवरच राहील. कढीपत्त्यावर सिट्रस सिलिड नावाचा किडा वाढतो, तो संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावतो. फ्लोरिडाच्या बागा त्याने पार झोपवल्या आहेत. म्हणून अमेरिकेत ताजी पानंसुद्धा चालत नाहीत, आणि कॅलिफोर्नियात शिरताना राज्याच्या सीमेवर पुन्हा विचारतात. फ्रिज शक्यतो रिकामा घेऊन जा. सरपणही नेऊ नका, तिकडे विकत घ्या. कुत्रा असेल तर ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचा (अमेरिकेची आरोग्य संस्था) फॉर्म, मायक्रोचिप आणि किमान सहा महिने वय लागतं.

शेपूची_जुडी
कुत्र्याला प्रवेश आहे, कढीपत्त्याला नाही. शेजाऱ्याकडे झाडही द्यावं म्हणते.

बर्लिनवाला
थोडं अवांतर. इकडे जर्मनीतून लोक स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोला जातात, आणि गोठण्याची कटकट हीच, फक्त गॅसचा पेच वेगळा. स्पेनमध्ये घरगुती बाटली बहुधा ब्यूटेनची मिळते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश. मलागात मस्त चालतो, पण तीच बाटली घेऊन मार्चमध्ये आल्प्स चढलात की रात्री बाटली भरलेली आणि भट्टी बंद. म्हणून परतीसाठी प्रोपेन राखून ठेवायचा. गाडी साडेतीन टनांच्या आत ठेवायचीही धडपड असते, कारण साधं बी लायसन्स (कारचं) तेवढ्यालाच चालतं.

ब्रिटिश पासपोर्टवाल्या मित्रांची अडचण आणखी वेगळी. ब्रेक्झिटनंतर त्यांना शेंगेनमध्ये १८० पैकी ९० दिवसच. मग ते अर्धा हिवाळा मोरोक्कोत काढतात.

डिझेलभाऊ
बर्लिनवाला, परतीचा मुद्दा लाख मोलाचा. आमच्याकडे हेच डिझेलचं होतं. दक्षिणेत भरलेलं डिझेल तिथल्या हवेसाठी असतं, थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. मार्चमध्ये उत्तरेकडे निघताना टाकी कमी ठेवायची आणि वाटेत थंड राज्यातलं भरत जायचं. थंडोबांची पेट्रोलची असेल, ते सुटले.

कुंपणावरचा
एक विचारू का? चोवीस फुटांत दोन माणसं, चार महिने, बाहेर पाऊस. हे कोणी बोलत नाहीये.

मुक्काम_पोस्ट_कॅलगरी
बाहेर राहायला शिकायचं. क्वार्ट्झसाइटजवळ ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची (सरकारी जमिनींचं खातं) ला पोसा नावाची जागा आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा लांब मुक्कामाचा परवाना मिळतो, कित्येक वर्षं तो १८० डॉलरला होता, आताची फी बघून घ्या. वीज-पाण्याची जोडणी नाही, नुसतं माळरान, पण पाणी भरायची आणि टाकी रिकामी करायची सोय आहे. सौर पॅनेल लावायचं, खुर्ची टाकायची, दोन गाड्यांत भरपूर अंतर. जानेवारीत मोठं आरव्ही प्रदर्शन भरतं तेव्हा गाव ओसंडून वाहतं.

आणि तिथे हाजी अलीची कबर आहे.

हिमगौरी
वरळीची???

मुक्काम_पोस्ट_कॅलगरी
नाही हो. १८५० च्या दशकात अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. उंटांचा प्रयोग बारगळला, हा तिथेच राहिला आणि १९०२ मध्ये गेला. दगडी पिरॅमिड आहे, वर पत्र्याचा उंट. गावातली बघण्यासारखी गोष्ट म्हणाल तर हीच.

अण्णा_किंग्स्टन
मूळ धाग्यावर येतो. पूर्वेकडून जाणाऱ्यांसाठी एक सूचना. आय-९५ ने जात असाल तर बाल्टिमोरच्या बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठ्या प्रोपेनच्या बाटल्या नेता येत नाहीत, म्हणजे बहुतेक मोटरहोम बाद. पूर्वी लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे. तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून कोसळला. आता आय-६९५ ने शहराच्या पश्चिमेकडून वळसा. त्यापेक्षा आम्ही आय-८१ धरतो, डोंगर आहेत पण बाल्टिमोर लागतच नाही.

टेक्सासची_काकू
फ्लोरिडा ठरवलंत तर आरक्षण आत्ताच बघा. तिथल्या स्टेट पार्कांत राज्यातल्या लोकांना ११ महिने आधी आणि बाहेरच्यांना १० महिने आधी बुकिंग उघडतं. किनाऱ्याजवळच्या जागा तुमची पाळी येईपर्यंत बऱ्याचशा गेलेल्या असतात. आमच्या खोऱ्यात इतकी मारामारी नाही. (जाहिरात संपली.)

थंडोबा
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला पूर्ण धागा वाचून दाखवला. कुंपणावरचा यांचा चोवीस फुटांचा प्रश्न वाचल्यावर ती जरा जास्तच वेळ हसली.

ठरलंय ते असं. गाडी लगेच घ्यायची नाही. या फेब्रुवारीत विमानाने फिनिक्सला जाऊन (शेजारी जिंकला) तिथे क्लास सी भाड्याने घेऊन दोन आठवडे राहून बघायचं (शेजारी हरला). जमलं तर उन्हाळ्यात आपली घ्यायची, टायरचा कोड वाचून, आणि नोव्हेंबरच्या मध्यात कोरडी गाडी काढायची. मार्चअखेर परत. म्हणजे साडेचार महिने, पहिल्या वर्षी नाही तरी पुढे फॉर्म ८८४० आलाच. औषधांचं अण्णांनी सांगितलेलं फ्रिजवर लावलंय.

एक शंका राहिली. फॉर्म दोघांचा मिळून एक की वेगवेगळे?

प्राजक्ता_ओ
प्रत्येकाचा वेगळा. अमेरिकेत काही उत्पन्न नसेल तर पुढच्या वर्षी १५ जूनच्या आत पाठवा, आणि दोन्हींच्या प्रती ठेवा. सीमा ओलांडल्याच्या तारखा जाता-येता लिहून ठेवत जा, नंतर आठवत नाहीत.

शेपूची_जुडी
आणि शेजाऱ्याला विचारा, तो कढीपत्ता घेईल का.